मामा अजून मागे आहेत

माझी सून तारा बेचाळीस किलोमीटर पळाली आणि शेवटच्या पांढऱ्या रेघेच्या अलीकडे येऊन उभी राहिली. दमली म्हणून नाही, पाय मुरगळला म्हणूनही नाही. ती का उभी राहिली ते ऐकून मी जी हबकले, ती अजून पुरती सावरले नाही. आणि मी काही सहजासहजी हबकणारी बाई नव्हे. सुरतेत, उधन्यात आमच्या गल्लीत मालतीबाई कोण म्हणून विचारा, माझ्या तोंडी लागायच्या आधी लोक दोनदा विचार करतात.

पहिल्यापासून सांगते. आम्ही मूळचे पारोळ्याकडचे. आमचे हे लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग बिघडला की तो चालू करून देणारे. नाव त्यांचं भगवान. सांगणं भाग आहे म्हणून एकदा घेतलं, पुन्हा घेणार नाही. चौऱ्याण्णव साली प्लेगच्या धास्तीनं सगळी सुरत पळत सुटली होती, तेव्हा हे घरात मांडी घालून बसले. मग लोक परत आले, रस्ते झाडूनपुसून रुंद झाले, आणि एके दिवशी पहाटे उठून हे पळायला लागले. का, तर म्हणे एवढा चांगला रस्ता झालाय, त्यावर कोणी पळायला नको का. मला वाटलं, माणूस कामातून गेला.

आधी एकटेच पळायचे. मग आमच्या प्रवीणला ओढला. त्याचा गुडघा सहा महिन्यांतच कुरकुरायला लागला, तसं त्याच्याकडे लूना चालवायचं काम आलं. मागच्या सीटवर मी. पिशवीत लिंबूपाणी, गुळाचे खडे आणि ओला टॉवेल. तेवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण ह्यांना जोडीला कोणीतरी हवं होतं. एका रात्री जेवता जेवता म्हणाले, "तारा, उद्यापासून तू चल."

माझ्या हातातलं पातेलं पडायचंच राहिलं. सासरा आणि सून, भर रस्त्यात, पळणार. मी दोन दिवस ह्यांच्याशी अबोला धरला. त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण ते त्यांच्या लक्षातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी तारा पंजाबी ड्रेस घालून, ओढणी डोक्यावरून घेऊन मागे गाठ मारून तयार. पायात प्रवीणचे कॅनव्हासचे बूट, पुढे चिंध्या कोंबलेल्या. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. मी एकेकीकडे असं बघितलं की त्या आपापल्या घरात गेल्या. माझी सून आहे, बोलायचं तर मी बोलेन.

हे पुढे आणि ह्यांना मामा म्हणणारी तारा पाच-सहा हात मागे. रोज तसंच. बमरोलीपर्यंत जाऊन यायचं, मग हळूहळू त्याच्याही पुढे. रविवारी दुसरी माणसं डुमसच्या समुद्रावर भजी खायला जातात. आम्ही चौघं पळायला. दोघं पायांवर, दोघं लूनावर. खोटं कशाला बोलू, मलाही त्याची गोडी लागली. ऊन यायच्या आत घरी परतताना चौघं एकाच गोष्टीवर बोलत असू, आणि तसं आमच्या घरात दुसऱ्या कशावर होत नसे.

बाकी घरात सगळ्याचा क्रम ठरलेला. आंघोळीला पहिले हे, पेपर पहिले हे, जेवायला पहिले हे. मग प्रवीण, मग मी, सगळ्यात शेवटी तारा. कोणी तसं सांगितलं नव्हतं, माझ्या सासूच्या वेळेपासून चालत आलेलं.

आमच्या भागातल्या मंडळानं सव्वीस जानेवारीला मोठी शर्यत सुरू केली. उधन्याहून निघायचं, चलथाणच्या पुढे उसाच्या शेतांतून वळसा घालायचा आणि परत. बेचाळीस किलोमीटर. सहा तासांत जो येईल त्याला पितळेचा बिल्ला. शिट्टी वाजली की संपलं. शिट्टी आमच्या गल्लीतल्या किराणावाल्या भाईदासकडे, त्यामुळे वशिल्याला जागा नव्हती. तो उधारीतसुद्धा वशिला चालू देत नाही.

ह्यांना तो बिल्ला हवा होता. किती हवा होता ते मी सांगते. ह्या माणसानं आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, पण पहिल्या वर्षी बिल्ला हुकला तेव्हा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या वर्षीही हुकला. थोडक्यासाठी. दोन्ही वेळा आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात एकच कारण धरलं होतं, तारा. तिच्या पायांचा आवाज मागे पडला की हे हळू व्हायचे, ती जवळ आली की पुन्हा वेग धरायचे. परक्याची पोर, रस्त्यात कशी सोडायची. तिसऱ्या वर्षी ह्यांची साठी आली आणि डॉक्टरांनी सांगितलं, एवढं लांब पळणं आता हे शेवटचं, पुढे गुडघे साथ देणार नाहीत. प्रवीण म्हणालाही, "बाबा, ह्या वेळी ताराला घरी राहू द्या." तारा तेव्हा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. हे म्हणाले, "दोन वर्षं आली, आताही येईल." तिचा हात पुन्हा चालू झाला.

झालं, सव्वीस जानेवारी उजाडली. थंडी चांगली होती. चलथाणजवळ मळीचा वास नाकात शिरला, उसाचे ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला थांबवून ठेवले होते. हे पुढे, तारा मागे, आम्ही लूनावर बाजूनं. वळणापाशी भाईदासच्या माणसानं सांगितलं की निम्मा वेळ आत्ताच संपला. आणि ह्यांचं डोकं सटकलं. पळता पळताच मागे वळून ताराला म्हणाले, "तू पुढे जाय. तू मागे असलीस की माझं लक्ष मागेच राहतं."

तारानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जा म्हणतात तर जा बाई."

तिनं ओढणीची गाठ आवळली आणि गेली. गेली म्हणजे कशी, तर मी लिंबूपाण्याची बाटली उघडून ह्यांना दिली, परत घेतली, झाकण लावलं, मान वर केली तर पोरगी रस्त्याच्या वळणाला. आणखी थोड्या वेळानं तीही दिसेना. प्रवीणनं लूना जवळजवळ थांबवली. "आई, ती आपलीच तारा ना?" हे मात्र खाली मान घालून पळत होते. म्हणाले, "थकेल आता. पुढच्या झाडाखाली बसलेली सापडेल."

पुढच्या झाडाखाली ती नव्हती, त्याच्या पुढच्याही नाही. पाण्याचं टेबल आलं, तिथं नाही. आता मात्र मी घाबरले. ह्यांना काही बोलले नाही, बोलले असते तर थांबले असते आणि बिल्ला गेला असता. प्रवीणला हळूच म्हटलं, गाडी मागे घे. नक्कीच कुठंतरी कोसळली असणार आणि आपण न बघता पुढे आलो. ट्रॅक्टरवाल्यांना विचारलं. उसाच्या सरींमधून हाका मारल्या. औषधपाण्याच्या तंबूत जाऊन खाटेवर पांघरूण घेऊन पडलेल्या एकाचं पांघरूण उचलून बघितलं, निघाला दाढीवाला. तिच्या आईला पारोळ्याला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

शेवटी तंबूतल्या गुजराती डॉक्टरणीनं आमची दया येऊन विचारलं, "आगळ जोयुं?"

पुढे बघितलं का. तारा कुणाच्या पुढे असू शकते हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग लूना पिटाळली. ह्यांना ओलांडलं, बाप्ये ओलांडले, एकामागून एक दमलेले, कमरेवर हात ठेवून चालणारे. शर्यतीत बायका मुळात पाच-सहाच. त्यातली एकही आता रस्त्यावर दिसेना. तारा नाहीच. उधना आलं. मैदानाच्या तोंडाशी गर्दी होती आणि गर्दी कशाकडे तरी टक लावून बघत होती. मी लूना थांबायच्या आत उतरले आणि माणसं बाजूला सारत आत शिरले.

पांढरी रेघ. तिच्या पलीकडे भाईदास, गळ्यात शिट्टी. रेघेच्या अलीकडे, एका खोलीएवढ्या अंतरावर, आमची तारा हात जोडल्यासारखे पोटाशी धरून उभी. बघून मला रडूच आलं. जिवंत होती.

भाईदास माझ्यावर धावून आला. "भाभी, आने समजावो. क्यारनी ऊभी छे." केव्हाची उभी आहे, म्हणे. बायकांत पहिली आली होती, हाका मारून मारून घसा बसला, पण रेघ ओलांडत नाही. तिच्या डोळ्यांदेखत मागच्या बायका एकेक करून आत गेल्या. पहिलीचा हार दुसरीच्याच गळ्यात पडला.

मी ताराच्या समोर जाऊन उभी राहिले. "काय झालं गं तुला?"

"काही नाही आत्याबाई. मामा अजून मागे आहेत."

"मग?"

"त्यांच्या आधी कशी जाऊ?"

घरात दूध संपलंय म्हणून सांगावं, इतक्या साध्या आवाजात बोलली. मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी दरडावलं, समजावलं, दंडाला धरून ओढलं. कधी माझा शब्द खाली न पडू देणारी पोर, जागची हलली नाही. "मामांनी पुढे पळ सांगितलं, मी पळाले. आत जा असं नाही सांगितलं."

उभ्या उभ्या माझे पाय भरून आले तेव्हा हे आले. लंगडत, ओठ पांढरे, शर्ट अंगाला चिकटलेला. पण वेळ शिल्लक होता. थोडा, पण होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात ह्यांना तारा दिसली आणि हे थबकले. "काय झालं? पाय गेला का?"

भाईदासनं पलीकडून दोन वाक्यांत सांगितलं. ह्यांचा चेहरा मी पाहिला. लग्नाला तीस वर्षं झाली, तसा चेहरा मी कधी बघितला नव्हता. तारा बाजूला सरली, ओढणी पुढे ओढून म्हणाली, "या मामा."

हे दोन पावलं रेघेकडे गेले. मग थांबले. उलटे आले आणि ताराच्या मागे जाऊन उभे राहिले.

"पुढे जाय."

"आधी तुम्ही."

"मी सांगतो ना, जाय."

"नाही मामा."

भाईदास घड्याळ दाखवून ओरडत होता. हे काय करतात ते मला कळेना, आणि कळलं तेव्हा विश्वास बसेना. हे सरळ रस्त्यावर मांडी घालून बसले. "तू गेल्याशिवाय मी उठत नाही," म्हणाले. तारा रडायला लागली. प्रवीण डोक्याला हात लावून उभा. माझं टाळकं सणकलं. मी ताराच्या पाठीत दोन्ही हातांनी असा धक्का दिला की ती रडत रडत रेघेपलीकडे गेली. कोणीतरी तिच्या गळ्यात बिल्ला घातला.

"आता उठा," मी ह्यांना म्हटलं.

हे उठायला गेले, पण पाय उठेनात. एवढं पळालेला माणूस खाली बसला की त्याच्या पायांच्या काठ्या होतात, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. प्रवीणनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. अर्धे उठले, पुन्हा बसले. तिसऱ्यांदा उभे राहिले आणि शिट्टी वाजली. मी आयुष्यात एवढा घाणेरडा आवाज ऐकला नाही.

भाईदास स्वतः बिल्ला घेऊन आला. नियमाचा माणूस, पण त्याचेही डोळे ओले होते. हे म्हणाले, "वेळेत नाही म्हणजे नाही." तारानं आपला काढून पुढे केला. तर तिला म्हणाले, "तो तुझा आहे, घाल गळ्यात." आणि लंगडत रेघ ओलांडून आले.

घरी येताना वाटेत एकदाच बोलले. "तारा, तू अशी कधीपासून पळतेस?"

"पहिल्यापासूनच, मामा."

"मग मागे का पडायचीस?"

"तुम्ही हळू झाले की मी हळू व्हायची. नाहीतर मी तुमच्या फार जवळ यायची ना."

"अगं, तू मागे पडायचीस म्हणून मी हळू व्हायचो."

तीन वर्षं हे तिच्यासाठी थांबले, ती ह्यांच्यासाठी, आणि मी मागून लूनावर बसून सगळं बघत होते. मला हसावं की डोकं आपटावं ते कळेना.

संध्याकाळी मी वांगी भाजली. भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी केल्या, ह्यांचं ताट वाढून समोर ठेवलं. हे हात न लावता बसून राहिले. म्हणाले, "आधी ताराला वाढ."

तारा दाराशी उभी राहिली. "तुम्ही जेवा मामा, मी मागून जेवेन."

"आधी तू."

"नाही मामा, तुम्ही."

प्रवीण दोघांकडे बघतोय. भरिताची वाफ कमी कमी होत चालली. सकाळचा तमाशा माझ्याच स्वयंपाकघरात पुन्हा सुरू झालेला, आणि ह्या वेळी शिट्टी वाजवायलाही कोणी नाही. मला एवढंच आठवलं की मागून जेवायची गोष्ट निघाली तर तीस वर्षं मी मागून जेवतेय, आणि आधी मालतीला वाढा असं एकदाही कोणाच्या तोंडून आलेलं नाही. मी ह्यांच्या पुढ्यातलं ताट उचललं, तिथंच मांडी घातली आणि पहिला घास माझ्या तोंडात घातला.

तिघंही माझ्याकडे बघत राहिले. भरितात मीठ कमी पडलं होतं. ते मला पहिल्यांदाच गरम असताना कळलं.