माफी आणि भरोसा

मांजरसुंब्यात सत्यशीलाताई वीस वर्षं बायकांचे कपडे शिवत होती. अंजू तिच्याच मंडळीतली. रविवारी चर्चमध्ये दोघी एकाच सतरंजीवर बसायच्या. अंजू लग्न होऊन गावात आली तेव्हा तिला हूकसुद्धा नीट लावता येत नव्हता. तिला मशीनवर बसवून कटिंगपासून बाही बसवण्यापर्यंत सगळं शिकवलं ते सत्यशीलाताईनंच.

पुढं अंजूनं समोरच्या घरात स्वतःची मशीन टाकली. मोबाइलवर बघून ती नवनवे गळे शिवायची. बायका तिकडं वळल्या. सत्यशीलाताईचा पाय मशीनवर असायचा आणि डोळे समोरच्या दारावर. कोण आलं, किती वेळ बसलं, कशाला हसल्या, सगळं ती टिपायची. पाटलांच्या छबुबाईचं शिवण पंधरा वर्षं तिच्याकडं होतं. तीच छबुबाई नातीच्या लग्नाच्या कापडांचं बोचकं घेऊन तिच्या दारावरून पुढं गेली, त्या दिवशी तिला घास उतरला नाही. चर्चच्या टेबलासाठी अंजूनं शिवलेलं पांढरं कापड पास्टरांनी सगळ्यांना उलगडून दाखवलं, तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या, पण आतून ती पेटली होती.

त्याच आठवड्यात गिरणीवर छबुबाई भेटली. बोलता बोलता सत्यशीलाताईनं सांगितलं, अंजू उरलेलं कापड परत देत नाही, मागं ठेवून घेते. तिनं असं एकदाही पाहिलं नव्हतं. चार दिवसांत गोष्ट गावभर झाली. छबुबाईनं अंजूकडून बोचकं परत नेलं, बायकांचं तिच्याकडं येणं-जाणं थांबलं. पहिले दोन दिवस आपल्याला बरं वाटलं, हे ताईनं नंतर स्वतःच कबूल केलं.

बोचकं परत गेल्याच्या तिसऱ्या दिवशी अंजू रडत आली, ती तिच्याचकडं. माझ्यावर असा आळ कोणी घेतला असेल, म्हणून विचारत होती. ताईनं तिला चहा दिला, पण वर बघणं तिला जमलं नाही.

रविवारी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर वाटून घ्यायचा विधी. कुणाशी वाकडं असेल तर आधी त्याच्याकडं जा, मग इथं हात पुढं करा, असं पास्टर म्हणाले. भाकरीचं ताट आलं तसं सत्यशीलाताईनं तुकडा न घेताच पुढं सरकवलं. तब्येत बरी नाही का, म्हणून अंजूनं हळूच विचारलं. उपासना संपल्यावर चर्चच्या मागं ताईनं तिला सगळं सांगितलं.

"कावून केलं ताई असं?"

"जळत होते गं तुझ्यावर."

अंजू जायला वळली, पुन्हा थांबली. मग म्हणाली, "माफ करते. प्रभूनं आपल्याला केलंय, मला न्हाई म्हणता येत न्हाई. पण भरोसा आता न्हाई राहिला."

सत्यशीलाताई घरोघर गेली, मी खोटं बोलले म्हणून सांगत फिरली. छबुबाईनं दारातच उभं ठेवून ऐकलं आणि बोचकं पुन्हा अंजूकडं पाठवलं. अंजू मात्र रविवारी दुसऱ्या टोकाला बसायला लागली. माफ केलं म्हणते, मग बोलत का नाही, अशी तक्रार ताईनं पास्टरांकडं केली. माफी मिळाली म्हणून भरोसाही मागायचा हक्क येत नाही, तो तुम्हालाच पुन्हा कमवावा लागेल, असं ते म्हणाले. तिला ते लागलं.

जळणं काही थांबलं नव्हतं. समोर गर्दी दिसली की ती अजूनही दारातल्या चपला मोजायची. पावसाळ्यानंतर एक बाई अंजूनं ब्लाऊज बिघडवला म्हणत तिच्याकडं आली. ताईनं तो उसवून नीट करून दिला आणि संध्याकाळच्या आत अंजूचं दार गाठलं.

"तुझी मुंढ्याची, बाही बसती तिथली शिलाई ओढती, तेवढी बघ. आन् खरं सांगते, तिनं नावं ठेवली तवा मला लई बरं वाटलं. चार जणींना सांगावं असंबी वाटलं. म्हणून आधी तुलाच सांगायला आले."

अंजू कितीतरी महिन्यांनी तिच्याकडं बघून हसली. "बसा ताई," ती म्हणाली.

माघात अंजू बाळंतपणासाठी दिंद्रुडला माहेरी निघाली. जाताना गिऱ्हाइकांच्या तीन पिशव्या तिनं सत्यशीलाताईच्या ओट्यावर ठेवल्या. मापं आत चिठ्ठीवर आहेत, काही अडलं तर फोन करा, एवढंच म्हणाली आणि एसटी गाठायला गेली.

ताईनं पहिली पिशवी उघडली. वर अंजूनं अर्धवट शिवलेला एक ब्लाऊज होता. त्याची शिलाई ताईच्या स्वतःच्या शिलाईपेक्षा सरस होती. काळजात बारीक कळ आली. तिनं चष्मा लावला, त्याच रंगाचा दोरा शोधला आणि जिथं अंजूनं सोडलं होतं तिथून पुढं शिवायला घेतलं.