व्यंकोजींनी सांभाळलेली माझी मोटारसायकल

मित्रहो, साठच्या दशकात, तरुणपणी घेतलेली माझी मोटारसायकल आज सकाळी बंगळुरूच्या चिकपेटेत सापडली. जुन्या क्रमांकावरून गेली दोन वर्षे मी तिचा माग काढत होतो.

तेव्हा इंजिनातून तेल गळू लागले, म्हणून दुरुस्तीलाच दोष देत मेकॅनिक व्यंकोजींना मी त्यांच्याच गिऱ्हाइकांसमोर ‘अडाणी’ म्हटले आणि रागाने गाडी विकून टाकली. पुढे ती व्यंकोजींनीच विकत घेऊन दुरुस्त केली, हे आज त्यांच्या मुलीकडून कळले.

“या सर, स्वल्प बसा,” ती कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली, म्हणजे थोडं बसा. “त्या वेळी इंजिनाचा बोल्ट घरी तुम्हीच आवळला होता ना? जास्त आवळल्यानं आटे गेले होते, तेल तिथूनच गळत होतं. अप्पांनी बघताक्षणी ओळखलं.”

आवळला होता. इंजिनिअरिंगची पदवी असताना माझा हात चुकेल, हे माझ्या मनातही आले नव्हते.

“मग ते बोलले का नाहीत?”

“शिकलेल्या माणसाला चार लोकांत खाली बघायला लावू नये, म्हणायचे.”

व्यंकोजी आता हयात नाहीत. गाडी परत मागायला गेलो होतो. ते धैर्य झाले नाही.

अपमान सर्वांदेखत केला होता, म्हणून चूकही येथे सर्वांदेखत मान्य करतो. ज्यांनी ती ऐकायला हवी होती तेच नसताना, या कबुलीला काही अर्थ उरतो का?