साडेचार इंचांवरची गाडी

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. वडवणीत माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे, त्याला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत मी गाडी कधी साठच्या पुढे नेली नाही. मांजरसुंब्याचा घाट उतरताना मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून थकतात, मग बाजूने पुढे जाताना माझ्या तोंडाकडे बघतात आणि पिकले केस पाहून माफ करतात. बायको म्हणते, "तुमच्या शेजारी बसून गहू निवडला तरी दाणा सांडायचा न्हाई."

असल्या माणसाला चोपन्नाव्या वर्षी दोन दारांची, बुटकी, नुसती पळण्यासाठी बनवलेली गाडी का घ्यावीशी वाटावी, हे मला आजही सांगता येत नाही. मुलीचं लग्न झालं, डोक्यावरची कामं उरकली, आणि सकाळी लिंगपूजेला बसलो की डोळ्यांपुढे ती गाडी यायला लागली. देवापुढे बसून हे असं, म्हणून त्याचीही भीती वाटायची. शेवटी बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं, ती घर डोक्यावर घेईल. ती एवढंच म्हणाली, "घ्यायची तर घ्या. पण उतरताना मला दोघांनी वढून काढावं लागंल, असली नको."

संभाजीनगरच्या शोरूममध्ये आम्ही दोन गाड्या बघितल्या. एक तीच, बुटकी, निळसर राखाडी. दुसरी उंच, चार दारांची, इंजिन तसंच दांडगं. शोरूमचा माणूस म्हणाला, "सर, उंच गाडी डोक्याने घेतात आणि ही मनाने." मी मान डोलावली आणि बुटकीची किल्ली मागितली. तिला दोनच सीटा, एकीवर तो माणूस बसला, त्यामुळे बायको आत कॉफी पीत राहिली.

हायवेला लागल्यावर तो म्हणाला, "दाबा सर, रस्ता मोकळा आहे." मी दाबलं. पाठ सीटला चिकटली. काटा शंभरावर कधी गेला ते कळलंच नाही, आणि पुढे एकशे पन्नासला टेकला. भीती वाटायला हवी होती, पण मला हसू येत होतं. पाय उचलावासा वाटत नव्हता. तेवढ्यात पुढे एक मोटारसायकल दिसली, मागे बाई बसलेली, दोघांच्या मधे पोतं. मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर मंदावली. त्या दोघांना कशाचाच पत्ता नव्हता, ती बाई पदर सावरत होती. शोरूमचा माणूस म्हणाला, "ब्रेक बघितले ना सर?"

परत आल्यावर बायकोने विचारलं, "किती चालवली?"

"साठ," मी म्हणालो.

लग्नानंतर तिच्याशी मी बऱ्याच वेळा खोटं बोललो असेन, पण त्या दिवशी ओठ कोरडे पडले. आणि खरं सांगतो, एवढं होऊनही मला तीच गाडी हवी होती. याची मला मोटारसायकलीपेक्षा जास्त भीती वाटली.

शोरूमच्या माणसाने एक अडचण सांगितली. गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम साडेचार इंचांवर, आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर म्हणजे टेकाडं. "आधी रस्ता मोजून या सर, मग रंग ठरवू." मी ते मनावर घेतलं. सुताराकडून गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराएवढी, नऊ फुटांची लाकडी पट्टी करून घेतली, दोन्ही टोकांना साडेचार इंचांचे पाय. पट्टी ब्रेकरवर रस्त्याच्या दिशेने धरायची. तिचे दोन्ही पाय रस्त्याला टेकले तर गाडी पार होणार, पट्टी मधे अडून पाय अधांतरी राहिले तर गाडीही अडणार. बीडपर्यंत हायवे चांगला, काळजी पुढची. एका रविवारी सकाळी आमच्या जुन्या गाडीच्या टपावर पट्टी बांधून आम्ही बीड ते वडवणी मोजत निघालो. एक टोक बायकोकडे, एक माझ्याकडे. रस्त्याने जाणारे लोक थांबून विचारायचे, "काय मोजायलेत?" बायको म्हणायची, "ह्यांची हौस."

अकरा ब्रेकर निघाले. दहा पार झाले, काही अगदी बोटभर अंतराने. अकरावा वडवणीच्या अलीकडच्या एका लहान गावापुढे होता. पट्टीचे पाय तिथे चांगले अडीच इंच हवेत राहिले. मी तीन जागी धरून बघितली. कुठेच टेकली नाही.

आपल्या भागात असल्या गोष्टीला उपाय असतो. आमच्याकडून फवारणीची औषधं नेणारे एक पुढारी आहेत, त्यांना सगळे मालक म्हणतात. त्यांना फोन केला. ते हसले. "तो ब्रेकर सरकारी न्हाईच की बे! गावानं आपल्या मनानं घातलाय. उद्या दुपारी जेसीबी पाठवतो. किती छाटायचा, तेवढी खडूनं खूण करून ठेव."

एवढं सोपं होतं. म्हणूनच रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी खडू आणि पट्टी घेऊन निघालो, तर बायको मापांची वही घेऊन गाडीत येऊन बसली.

मी उकिडवा बसून खडूची रेघ ओढायला लागलो आणि पाच-सात माणसं जमली. रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती. तिथून साठीची एक बाई हात पुसत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी वर बघितलं. तिने हात जोडले होते.

"सायेब, काढू नका हो."

माझ्या हातातला खडू, ती पट्टी, बायकोच्या हातातली वही. ते मला बांधकाम खात्याचा माणूस समजले होते. मी खडू खाली ठेवला.

बाई सांगायला लागली. तिची लेक दळण घेऊन रस्ता ओलांडत होती. सगळ्या रस्त्यावर पीठ सांडलं होतं. "तेराव्याला पावणे आलते. जेवायला कुणी बसंना. मग समद्यांनी मिळून हे घातलं. मुरूम, खडी, शिमिट, ज्याच्या घरी जे हुतं ते. माज्या धाकल्या भावानं थापी मारली. हितं गाडी हळू झाल्याचा आवाज आला की मला बरं वाटतं, सायेब. न्हाईतर टपरीवर हात चालत न्हाई."

"गाडीवाला पळाला?" बायकोने विचारलं.

"न्हाई ना. चांगला माणूस हुता. उतरला, तिच्या तोंडात पाणी घातलं, माज्या पायाशी बसून रडला. म्हणला, मावशी, मी कधीच जोरात चालवीत न्हाई. आजच चालवली."

मी तिथेच, ब्रेकरवर, बसून राहिलो. बायको माझ्याकडे बघत होती. ती तेव्हा काय समजली ते मी तिला कधी विचारलेलं नाही.

मालकांना फोन लावायला खिशात हात घातला आणि तेवढ्यात वडवणीकडून जेसीबी येताना दिसला. पिवळा, सावकाश, सोंड वर केलेला. लोक बाजूला झाले. ड्रायव्हरने खाली वाकून विचारलं, "हाच का तो? मालक म्हणले, कुण्या दुकानदाराची गाडी अडायलीय. कुठं हाय तो?"

सगळे इकडेतिकडे बघायला लागले. टपरीवरचा एक जण म्हणाला, "कोण हाय बे तो दुकानदार? म्होरं तर येऊ दे." त्याने दगड उचलला नव्हता, पण त्याच्या पायाशी दगड होते. माझी पाचावर धारण बसली. मी उभा राहिलो आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"आदेश रद्द झालाय," मी म्हणालो. "मी खात्याचा माणूस. मशीन परत न्या."

ड्रायव्हरने मालकांना फोन लावला. तो कानाला लावून उभा होता तेवढा वेळ मी मनात शंभू महादेवाचा धावा करत होतो. पलीकडून फोन उचलला गेला नाही. ड्रायव्हर म्हणाला, "तुमी सरकारी लोक, तुमचं तुमी बगा," आणि मशीन वळवली.

लोकांनी मला टपरीवर नेलं. बाईने चहा केला, माझ्यासाठी कप धुतला, परत धुतला. ती माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरकलो तर बाकड्याला अडखळलो. मग तिने नंबर मागितला, "परत कुणी आलं तर फोन करते." मी दिला. खरा दिला. खोटा द्यायलाही धैर्य लागतं.

घरी येताना बायको एवढंच म्हणाली, "चहा लई गोड केलता तिनं."

मालकांनी संध्याकाळी दोन शिव्या घातल्या आणि विषय सोडला. शोरूमच्या माणसाला मी सांगितलं, विचार बदलला. तो म्हणाला, मग उंचवाली घ्या सर, तिला कसलीच अडचण नाही. अडचण कशी नाही? त्या टपरीवरून गेल्याशिवाय मला बीडला जाता येत नाही. बाई नवी गाडी बघेल, कौतुकाने पुढे येईल, विचारेल. दोन्ही गाड्या राहिल्या.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा माझ्यामागे तिचा फोन लागला. एका पावसाळ्यात ब्रेकरला चीर पडली, फोन आला. मी स्वतःच्या खर्चाने गवंडी नेला आणि "खात्यातून मंजूर झालंय" म्हणून सांगितलं. ऊसवाल्या ट्रॅक्टरने कडा फोडली, फोन आला. मी जाता-येता टपरीवर थांबायचो, ती गिऱ्हाइकांना सांगायची, "हे आमचे सायेब." त्यातलं एखादं गिऱ्हाईक वडवणीचं निघालं तर? दुकानात येऊन खताचं पोतं मागताना म्हणालं तर? प्रत्येक वेळी मी गिऱ्हाइकांकडे पाठ करून बसायचो.

आणि मागच्या महिन्यात सकाळी आठला तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. रस्ता नव्याने करायला घेतला होता, खरवडणारी मोठी मशीन गावापर्यंत आली होती. "सायेब, लोक म्हणतेत आता ब्रेकर न्हाई ऱ्हायचा. परत घालू द्यायचे न्हाईत. लवकर या."

मी शर्ट घालायला लागलो. बायको दारात उभी राहिली.

"कोण म्हणून जायलेत?"

बटणं लागत नव्हती, तिने लावून दिली आणि ती पण निघाली.

मशीन ब्रेकरपासून पन्नास पावलांवर होती. डांबराचा धूर, खालची माती उघडी पडलेली. बाई धावत आली. "आलेत बगा आमचे सायेब," तिने मुकादमाला सांगितलं. मुकादमाने मला खालून वर बघितलं आणि विचारलं, "कुठलं ऑफिस?"

आता काय सांगू? मी मुकादमाकडे न बघता तिच्याकडे वळलो.

"मावशी," मी म्हणालो, "मी सायेब न्हाई. माझं वडवणीत खताचं दुकान आहे. तेव्हा ती मशीन ज्याच्या गाडीसाठी आली होती, तो मीच. मीच बोलावली होती."

तिचे हात कमरेवरून खाली आले. मला वाटलं ती मारेल, आणि मारावं असंही वाटलं. मागे मशीनचा आवाज वाढत होता. बायको माझ्या शेजारी उभी होती, तिने माझा हात धरला नाही.

"मग ती मशीन परत कुणी धाडली हुती?" बाईने विचारलं.

"मीच."

"भिऊनच धाडली असंल की."

"हो."

तिने पदराने तोंड पुसलं. "मग हीबी धाडा."

माझ्या हातात काही नाही, मी साधा दुकानदार आहे, माझं कोण ऐकणार, हे सगळं मला सांगायचं होतं. ती वाट बघत होती. मी ब्रेकरवर जाऊन उभा राहिलो. मशीनवाल्याने हॉर्न दिला, मुकादम ओरडला, "ओ, मरायचं का?" पळून जावंसं वाटत होतं, पण ती बघत होती. हॉर्न पुन्हा वाजला. मग टपरीवरची माणसं एकेक करून माझ्या दोन्ही बाजूंना येऊन उभी राहिली, आणि शेवटी बाई आली.