उमरग्याचे उसवलेले पुस्तक

उमरग्याची आठवण झाली की मला आधी पुस्तकबांधणीच्या खळीचा वास येतो. शिजलेल्या कणकेचा गोडसर, किडीवरचा मोरचूद पडल्यामुळे किंचित तुरट झालेला, आणि त्यावर शेजारच्या दुकानातल्या मिरच्यांचा ठसका. पुस्तकांच्या दुकानाला इतका भरल्या घराचा वास असू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना म्हणून सोलापूरहून सुटणाऱ्या मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी जोडली होती, तिच्या वायूवर मोटार चाले. मी निघाले होते आत्यासाठी. तिनेच मला वाढवले, कवितेचा कानही तिनेच दिला. आता तिची दृष्टी गेली होती आणि तिचा लाडका कवितासंग्रह वाळवीने खाल्ला होता. बाकी सारा तिला पाठ होता, फक्त शेवटच्या कवितेच्या मध्यावर येऊन ती रोज अडायची आणि विचारायची, "पुढं काय गं?" सोलापुरात ते पुस्तक कुठेच मिळेना. मग माझ्या पत्राला उमरग्याच्या दुकानदाराचे कार्ड आले: प्रत आहे, या.

नळदुर्गच्या अलीकडे निजामी हद्दीतला करोडगिरीचा (जकातीचा) नाका लागला. कारकुनाने माझा फराळाचा डबा उघडला.

"ही चटणी खायाची का इकायाची?"

"खायची."

त्याने चिमूटभर जिभेवर ठेवली, डोळे मिटले, आणखी एक चिमूट घेतली. "मग जाऊ द्या," तो म्हणाला. डबा मात्र जरा हलका झाला होता.

जळकोटच्या पुढे काळ्या रानात करडई फुलली होती. भट्टीचा धूर त्या पिवळ्या फुलांवरून रेंगाळत आमच्या मागे येत होता.

दुकानाच्या पाटीवर वर उर्दू अक्षरे, खाली मराठी. मालक शिवलिंगआप्पा, कपाळी भस्म, बोटांना खळ. "बर्री, बर्री (या, या)," म्हणत त्यांनी घोंगडी अंथरली, आणि पुस्तक म्हणून माझ्या हाती दोऱ्याने बांधलेले पाच फर्मे ठेवले. फर्मा म्हणजे सोळा पानांची सुटी जुडी.

"आप्पा, यात शेवटचा फर्मा नाही."

"तो जळकोटला हाय."

त्यांनी शांतपणे उलगडा केला. "लढाईपायी कागद न्हाय. एका पुस्तकाची एकच प्रत येती, वाचणारे पंधरा-वीस. मग आमी पुस्तक उसवतो. एकेक फर्मा एकेकाकडं, बाजाराच्या दिवशी अदलाबदल. समद्यांचं वाचून झालं की शिवायचं, आन मगच इकायचं."

"मी इतक्या लांबून आले आहे."

"तुम्ही गिऱ्हाईक, बाई. ते वाचणारे. आधी ते."

त्या दिवशी बाजारच होता. कोणी पटक्याच्या घडीतून, कोणी भाजीच्या पाटीखालून फर्मे काढीत होते. एका फर्म्याला हळद लागलेली, दुसऱ्याला तेलाचा डाग. रसूलभाई शिंप्याच्या वाट्याला एका कादंबरीचा शेवटचा फर्मा आधी आला होता. बाकीचे अजून मध्यावर होते, आणि गप्प राहण्यासाठी रसूलभाई रोज त्यांच्याकडून चहा घेत होते.

"अंजाम (शेवट) हमकू मालूम हय, बाई," ते मला म्हणाले. "पर बोलते नइ."

"आज चहा न्हाय मिळाला तर?" आप्पांनी विचारले.

"तो फिर सोचेंगे."

त्यांचा चहा लगेच आला.

आप्पांच्या घरी जेवायला हुग्गी (गव्हाची खीर) होती. उठताना आप्पांनी पाच फर्मे शिवून दिले, सुईदोरा तसाच लोंबता ठेवला. "सहावा गंगाबाईकडं. वाचणाऱ्यांत तीच राहिलीय. तिनं झालं म्हटलं तर घ्या. हातातनं वढू नका."

परतताना जळकोटच्या थांब्यावर भट्टीत कोळसा भरायला मोटार थांबली. गंगाबाई तिथेच शेंगा भाजत. केस पिकल्यावर त्यांनी आप्पांच्या बायकोकडून अक्षरे शिकून घेतली होती. फर्मा त्यांच्या मांडीवर उघडाच होता.

"किती राहिलंय?"

"आठ वळी."

"मी वाचून दाखवते. लगेच होईल."

"वाचून दावायाला लई जण हायत," त्या म्हणाल्या. "म्या वाचते."

बोट अक्षरावरून अक्षरावर सरकू लागले. एक शब्द पुरा झाला की त्या थांबत आणि तो पुन्हा म्हणत. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मला राहवेना, पुढचा शब्द मीच बोलून गेले. गंगाबाईंनी पानावर तळवा ठेवला.

"तुमाला कुनी इचारलं?"

उतारू हसले. गंगाबाईंनी ती ओळ पहिल्यापासून घेतली. "चल की आता," म्हणणाऱ्या ड्रायव्हरला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "थांब बाबा, तीनच वळी राहिल्यात." मग ड्रायव्हरही टेकून उभा राहिला.

आठवी ओळ संपली. गंगाबाईंनी फर्मा मिटला. मग म्हणाल्या, "झालं," आणि फर्मा माझ्या हाती दिला, वर मूठभर शेंगा.

गाडीत मी त्या ओळी वाचल्या. एका दमात संपल्या, आणि हाती काहीच उरले नाही. वृत्ते आणि अलंकार शिकण्यात माझी वर्षे गेली होती. गंगाबाई मात्र एकेक शब्द शेंगेसारखा फोडून, दाणा पाहून, मग तोंडात टाकत होत्या.

घरी खिडकीशी बसून मी सहावा फर्मा शिवला. आत्याने पुस्तक नाकाशी नेले.

"हळद. तेल. भाजक्या शेंगा. किती जणांनी वाचलंय गं हे?"

मी शेवटची कविता काढली. तिच्या अडण्याची जागा आली, ओलांडली, आणि तिचा चेहरा पाहण्याच्या घाईत माझा आवाज धावू लागला. आत्याने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, "सावकाश."