मोहाखाली बसलेला वाघ

माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका, म्हणजे कुणी मीठमसाला लावायला नको. तो मी आधीच लावून बसले होते!

मोहफुलांचे दिवस होते. आमच्या गावच्या बाया पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात जातात. एक सकाळ चुकली की खाली पडलेली फुलं हरणं, डुकरं खाऊन टाकतात. त्या दिवशी पहाटे चहा ठेवताना माझ्या फोनवर फोटो आला. मोहाच्या झाडाखाली वाघ! खाली लिहिलेलं, 'दहा जणांना पाठवा, जीव वाचवा.'

मी दहावर थांबते होय? बचत गटातल्या सगळ्यांना पाठवला, भद्रावतीच्या बहिणीलाही. वर स्वतःचं एक वाक्य जोडलं, 'आपल्याच जंगलातला दिसतो.' एकही टोपली घराबाहेर पडली नाही. मला तर गाव वाचवल्यासारखं वाटलं!

दुपारी कोरपन्याच्या मावशीकडून तोच फोटो आला. आता मजकूर वाढला होता, 'गावातल्या एका बाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.' घ्या, आणखी काय पुरावा हवा? फोन घेऊन मी तानीबाईकडे धावले.

तानीबाई कधी शाळेत गेली नाही, पण मोह वेचण्यात तिचा जन्म गेला. पावसाळ्याचं तेल-मीठ तिला त्यावरच भरायचं असतं. सकाळपासून ती रिकाम्या टोपलीजवळ बसून होती.

तिनं वाघाकडे पाहिलंच नाही. झाड पाहत राहिली.

"बाई, याले त पानं हायेत."

"झाडाला पानं असणारच ना!"

"फुलं पडाच्या दिवसात मोह उघडा रायते. वर पाहा, हाये का एक तरी पान?"

मी वर पाहिलं. तिच्या दारातल्या मोहाच्या नुसत्या काड्या! इतकी वर्षं मी त्याच्याच खालून जाते. मी मोठी दहावी पास!

"जंगलात वाघ हाये, त्याले कोण नाई म्हणते? म्हणून त आमी सोबतीनं जातो, बोलत जातो. पण हा फोटो आजचा नाई. अन् पाहणारी बाई कोण, ते त इचार."

मावशीला विचारलं. तिला माझ्या बहिणीनं पाठवलेला. बहिणीला फोन लावला, ती पाहणारी बाई कोण म्हणून.

"अवं ताई, तूच ना! तू कायले खोटं सांगशील? म्हणून मीच तसं लिहिलं."

फोन स्पीकरवरच होता. तानीबाईनं सगळं ऐकलं आणि टोपली झटकून ठेवली.

दुसऱ्या पहाटे सगळ्या निघाल्या. माझ्याही हातात टोपली दिली आणि मला सगळ्यांच्या पुढे केलं. मागून तानीबाईचा आवाज आला,

"जाऊ द्या तिले समोर. तिनंच त पाहिला हाये वाघ."