नामाकाकाच्या दुकानातली दहा तारांची गिटार

काही दुकानांत मालापेक्षा किस्सेच जास्त तयार होतात. वाशीममधलं नामाकाकाचं दुकान तसलंच. काका हार्मोनियम दुरुस्त करायचा, अधूनमधून दरवाजे बनवायचा. आता तो मुलाकडं अकोल्याला असतो. पण कुठं रंध्याचा आवाज ऐकला की मी अजून थांबतो.

डिप्लोमा तिसऱ्या सेमिस्टरला लाथाडून मी तिथं जाऊन बसलो होतो. मला दहा तारांची क्लासिकल गिटार बनवायची होती. नेहमीच्या सहा, शिवाय खर्जाच्या चार. बाबांनी अट घातली, "तारा चढवल्यावर आठ दिवस दहाच्या दहा टिकल्या त राह्य तिथं. एक जरी तुटली त गुपचूप कॉलेजात!"

*

लाकूड आणायला जऊळक्याला गेलो. तिथं एकाकडं देवदाराची जुनी फळी होती. काका फळीला कान लावून टकटक करत बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी फळीच्या मालकानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काय म्हनते? वाचते का?"

*

गिटारची वरची फळी दोन-अडीच मिलिमीटर हवी. काकानं बोटभर जाड ठेवली.

"काका, घासा अजून."

"तुले काय समजते बे? माहे दरवाजे पाह्य, वीस-वीस वर्सं हालत नाईत!"

म्हाताऱ्यांना एकच गोष्ट येते आणि ती ते जगातल्या सगळ्या गोष्टींना लावतात. मी फळीवर नुसतं टकटक केलं. आतून काकू ओरडली, "कोन हाय? या ना, दार उघडंच हाय!"

काकानं मुकाट्यानं रंधा उचलला.

*

काकाचा मेहुणा दर आठवड्याला कामरगावहून जीपनं यायचा, फुकट सल्ले द्यायला. गिटारचा रुंद दांडा पाहून म्हणाला, "येवढा रुंद कायले रे?"

"दहा तारा बसवायच्या आहेत, मामा."

"तुले बोटं किती?"

"दहा."

"मंग धरशीन कायनं?"



*

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मी ब्रिज चिकटवला. ब्रिज म्हणजे तारा अडकवायची खालची पट्टी. तो दाबून धरायला तीन क्लॅम्प लावून घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो तर तिन्ही क्लॅम्प पाटावर, करवतीशेजारी, हळदीकुंकू लावून! आणि ब्रिज जमिनीवर.

"काका, सरस वाळला नव्हता ना!"

"अरे, सारे हत्यारं पूजेले बसले अन् हे तिघंच कामावर? सनाले तरी त्याइले सुट्टी दे!"

त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. मग काय! पुन्हा सरस लावला आणि दिवसभर हातांनीच पट्टी दाबून बसलो. काकू पुरणपोळीचे घास भरवत होती आणि काका उपदेश.

*

एकदाच्या तारा चढल्या. बाबा गणिताचे मास्तर. उभ्या जन्मात कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला नाही, मला तर नाहीच. रोज शाळेतून परस्पर दुकानात यायचे, तारा मोजायचे आणि घरी जायचे.

सातव्या दिवशी मी जेवून आलो तर शेवटची तार तुटून लोंबत होती. काका डोकं धरून बसलेला.

"तुहे बाबा येऊन गेले. म्हने, लय तानल्यावानी वाटून राह्यली, जराशी ढिली करतो. खुंटी उलटीच फिरवली ना!"

तसली तार वाशीमात मिळत नाही. मी रात्री बॅग भरून ठेवली.

आठव्या दिवशी बाबा आले. काकाकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं नाही. चष्मा पुसला, वाकले आणि एकेका तारेवर बोट ठेवत मोठ्यानं मोजायला लागले. एक. दोन. तीन.

नऊवर तारा संपल्या. बोट तिथंच थांबलं. काकानं डोळे मिटून घेतले.

बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"दहा," म्हणाले, आणि चपला घालून निघून गेले.