उजव्या कानातला भटजी

आमच्या अनसिंगात लग्नाला साउंड लावणारा एक माणूस आहे. कामाला चोख, पण डोकं जुन्या इंग्लिश रॉक गाण्यांत अडकलेलं. चहा दिला की आधी माझ्या कानांवर हेडफोन चढवतो. "ताई, आयका! गाणारा उजव्या कानात, ढोल डाव्या कानात. काय मिक्सिंग केलं त्या गोऱ्या पोट्ट्यायनं!" मी ऐकते. त्याचा चहा थंड होतो आणि मलाच परत गरम करावा लागतो.

माझ्या पुतणीच्या लग्नात त्याने हेच केलं. भटजी उजव्या स्पीकरमध्ये, सनई डाव्यात. उजवीकडे आम्ही बसलेलो, डावीकडे किन्हीराजा गावाहून आलेले नवऱ्याकडचे वऱ्हाडी. आम्ही 'सावधान' ऐकून अक्षता टाकल्या, तिकडे नुसती सनई. नवऱ्याचा मामा उठला. "आमच्या बाजूनं भटजी काहून नाई? पोट्ट्याचं लग्न बिनमंत्राचंच लावता काय?" दोघे-तिघे चपला शोधू लागले.

मी मिक्सरकडे धावले. हा डोळे मिटून डोलत होता. "ताई, मधात उभं राहून आयका ना एकदा!"

जाऊन ऐकलं. अंतरपाटापाशी खरोखर सुरेख ऐकू येत होतं. पण तिथे होते नवरा, नवरी आणि भटजी.

"मधात कोणी बसत नाही," मी तिथूनच त्याला ओरडून सांगितलं. "फिरव बटण."

त्याने तोंड पाडून फिरवलं. पुढचं मंगलाष्टक दोन्हीकडे सारखं वाजलं आणि मामा खाली बसला. तेवढ्यात नवरीने मान वळवून मला विचारलं, "काकू, आवाज काहून बिघडला?"